तेरा ठिपके

—अहो, ती लक्ष्मीची बाजू. आपला नकाशा कॅलेंडरच्या पाठीवर. हां, आता बरोबर धरलात. बसा बाकड्यावर, औषधाची खिडकी उघडायला अजून वेळ आहे, चहा येतोच. तुम्ही कुठल्या दवाखान्याचे कंपाउंडर म्हणालात — की म्हणालाच नाहीत? असू दे. हल्ली पुष्कळ जण येतात हा कागद बघायला. आठला आलेला रोगी इथून साडेनऊला घरी जातो कसा म्हणे! वर्षापूर्वी आला असतात तर बारा वाजता इथे जत्रा दिसली असती, आणि खिडकीत हा गुरुदास कंपाउंडर — म्हणजे मीच — गणपतीसारखा बसलेला. मजा यायची, खोटं कशाला बोलू? अख्ख्या पंचक्रोशीच्या बातम्या माझ्या खिडकीशी. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या होडीला भोक पडलं — औषध नंतर, आधी बातमी.

तर नकाशा. हा काढला आमच्या नर्सबाईंनी, सुभद्राबाई, वालावलच्या. अंगाने एवढ्याशा, पण नजर अशी की बाटलीवरची धूळसुद्धा लाजेल. गेल्या साली बदलून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात विचारलं, “रोग्याला इथे इतका वेळ का लागतो?” मी म्हटलं, सांगतो ना, बसा — आधी केसपेपर, मग डॉक्टर, मग औषध, झालं! तर म्हणाल्या, “सांगू नका, मी चालूनच बघते.” आणि खरंच हो, पेन्सिल घेऊन एका रोग्याच्या पाठोपाठ दिवसभर! तो उभा तर ह्या उभ्या, तो बसला तर ह्या बसल्या. त्या माणसाला वाटलं आपल्याला काहीतरी मोठं दुखणं झालंय. दुसऱ्या दिवशी दुसरा रोगी, तिसऱ्या दिवशी तिसरा. हे बघा — वाटोळं काढलंय तिथे काहीतरी काम झालं. बाण आहे तिथे रोगी चालला. आणि ठिपका म्हणजे पाच मिनिटं नुसतं थांबणं. आहे तसं काढायचं, असायला हवं तसं नाही — हे त्यांचं पहिलं कलम. मी हळूच म्हटलं, बाई, चार ठिपके कमी काढा, बरं दिसत नाही. तर त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, बस्स.

मग एकेका वाटोळ्यावर बोट ठेवून विचारणं — हे कोण करतं? कशासाठी? नाही केलं तर काय बिघडतं? केसपेपर एका टोकाला नि डॉक्टर दुसऱ्या टोकाला, का? तर टेबल पहिल्यापासून तिथेच आहे म्हणून! उचललं, चार बाण गेले. औषधाची बाटली रोग्याने घरून आणायची, ती नसली की बाजारात पळायचं. मग दारातच पाटी लावली आणि ज्याला वाचता येत नाही त्याला शिपाई विचारतो, बाटली आणलीस काय रे? सहा ठिपके गेले. सोपं आहे ना? आता सोपं वाटतं. पण हा इथला झुबका बघितलात? तेरा ठिपके, मुंग्यांसारखे, माझ्या खिडकीच्या तोंडाशी. ती दुसरी सही.

म्हणजे काय, तर डॉक्टर औषध लिहून देणार, मी ते बनवणार, आणि बनवल्यावर रोग्याने कागद घेऊन परत डॉक्टरांकडे जायचं, दुसरी सही आणायची, तेव्हा बाटली हातात. सुभद्राबाईंनी विचारलं, “हे कुणी सुरू केलं?” डॉक्टर म्हणाले, माझ्या आधीपासूनच आहे. मी म्हटलं, वरून पत्रक आहे. त्यांनी फायली काढल्या. दोन दिवस खोकत खोकत सगळी पत्रकं चाळली हो त्यांनी, आणि मी इथून बघत होतो — ठाऊक असून, की तसलं पत्रकच नाही. नियम माझाच. नऊ वर्षांपूर्वीचा.

मग तो तुळसाचा दिवस. तुळसा खाडीपलीकडच्या तोंडवलीची, नात घेऊन आलेली, पोरगी तापाने फणफणलेली. आदल्या दिवशीही आली होती, पण रांग सरेपर्यंत ओहोटी लागली, होडी चुकली, आणि आजारी पोरीला घेऊन परक्याच्या ओसरीवर राहिली बिचारी. दुसऱ्या दिवशी औषध तयार, बाटली माझ्या हातात, आणि डॉक्टर गेलेले गावात बाळंतपणाला. सही कोण करणार? ती म्हणते, “कंपाउंडरांनू, द्या ओ. आज पण माजी होडी चुकतली.” मी म्हणतो, सही. ती रडायला लागली. सुभद्राबाई आल्या, ओरडल्याबिरडल्या नाहीत, हाच कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, “ह्या तेरा ठिपक्यांत रोग नाही, औषध नाही, डॉक्टरही नाहीत. फक्त तुम्ही आहात.”

दिली बाटली. काय करणार? तुळसा पोरीला खांद्यावर टाकून धावत सुटली. आणि मला शंका — बाटली तीच दिली ना? दहा मिनिटं बसलो असेन, मग मीही सुटलो तिच्यामागे — पायात चप्पल नाही, हातात औषध मोजायचा पेला तसाच. होडी सुटायच्या बेतात. मी किनाऱ्यावरून बोंबलतोय, “तुळसा, बाटली दी! आधी बाटली दी!” ती म्हणते, “कंपाउंडरांका खुळ लागला!” कमरेभर पाण्यात जाऊन बाटली घेतली, बूच काढून वास घेतला. तापाचंच औषध होतं. बरोबर होतं. मी तिथे पाण्यात उभा राहून हसत होतो की रडत होतो, मलाच कळेना. होडीतल्या माणसांना फुकटचा दशावतार.

परत आलो तो ओलाचिंब, आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. नऊ वर्षांपूर्वी लवू तांडेल आला होता पोट दुखतं म्हणून, आणि आनंदीबाई खांदा धरला म्हणून. पोटाचं औषध पांढरं, चोळायचं औषधही पांढरं. माझ्या हातून बाटल्यांची अदलाबदल झाली. लवूने घरी जाऊन चोळायच्या औषधाचा मोठा घोट घेतला — सुकी मासळी हाताळणारा माणूस, त्याला वास तो कसला! दोन दिवस ओकत होता. मी त्याच्या उशाशी बसून, नारळाचं पाणी पाजत, देवीला नवस बोलत. जगला. आता भेटला की भर बाजारात ओरडतो, “ओ कंपाउंडर, पोट दुखता ता दुखताच, पण गुडघे बरे झाले! भायरसून चोळण्यापेक्षा आतसून बरा लागता!” लोक हसतात, त्यांना वाटतं थट्टा. आणि आनंदीबाईंनी पोटाचं औषध आठवडाभर खांद्याला चोळलं आणि गुण आला म्हणून मला फणस आणून दिला! खाल्ला मी. काय सांगणार होतो?

तेव्हाच्या डॉक्टरांना वरून पत्रक आलंय म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून ती दुसरी सही. बाई ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, “डॉक्टर सही करतात ती कागदावर. बाटलीकडे बघतं कोण?” कोणी नाही हो! नऊ वर्षांत एकदाही नाही! शेकडो माणसं ताटकळत ठेवली आणि चूक व्हायची ती तरीही झालीच असती. मग आम्ही दोघांनी मिळून दुसरा नकाशा काढला. आता चोळायच्या औषधाचं फडताळ वेगळं, त्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा, आणि देताना रोग्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं — पोटात की अंगाला. दोन शब्द. त्याला ठिपकासुद्धा लागत नाही. बाई म्हणाल्या, “जुनी गोष्ट वर कळवायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.” ठरवतोय. वर्ष झालं, ठरवतोच आहे. आता तुम्ही आपल्यातलेच म्हणून—

एवढं काय लिहिताय मघापासून? मला वाटलं नकाशा उतरवून घेताय. बघू — ह्या तर ओळी आहेत. माझं नाव. लवूचं नाव. सालसुद्धा... जिल्ह्याहून? तपासणीला? अहो, मग मी तुम्हाला कंपाउंडर म्हणालो तेव्हा बोलायचंत ना, भल्या माणसा!

खोडतो म्हणता? नाही, खोडू नका. राहू दे. फक्त पत्रकाचं खोटं सांगितलं ते ‘चूक लपवण्यासाठी’ असं लिहिलंत तिथे ‘भीतीपोटी’ असं — नको, लपवण्यासाठीच लिहा, तेच खरं आहे. आणि हे मी माझ्या तोंडाने सांगितलं असंही लिहा, सुभद्राबाईंना ह्यात ओढू नका. झालं? चहा घ्या, निवतोय. आणि उठा आता साहेब, रोगी यायला लागले, त्यांना बाकडं हवं.