चौथा चंद्र

नर्सने डोळ्यांत थेंब घातले, तशा शिवणवाल्या मावशी डोळे गच्च मिटून बाकावर बसल्या. शेजारी एक म्हातारं जोडपं तावातावाने बोलत होतं.

"अगं, ऑपरेशन फसलं! काल तुझ्या दुर्बिणीतून गुरूचे तीनच चंद्र दिसले. तू तर जन्मभर वर्गात चार दिसतात असं शिकवलंस."

"अहो, तीन? नक्की?"

"तीनदा मोजले."

"अहो, गॅलिलिओलाही पहिल्या रात्री तीनच दिसले होते!"

"त्याचाही मोतीबिंदू काढला होता?"

"काहीतरीच! चौथा त्याला सहा दिवसांनी सापडला."

"म्हणजे माझा डोळा..."

"गॅलिलिओच्या तोडीचा!"

"आजोबा, चला, डॉक्टर बोलावताहेत," नर्सने हाक मारली.

"त्यांना सांग पोरी, आठवड्याने येतो. चौथा सापडला की!"

मावशींनी मिटल्या डोळ्यांनीच हात वर केला.

"अहो, पत्ता सांगून जा. मीही येते मोजायला."