बागेच्या पंपाची रिंग

आखातात, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात कुणी बागेच्या पंपासाठी म्हणून अंगठीएवढी रिंग करून मागितली, तर सावध राहा. मी तिथल्या एका वर्कशॉपात लेथवर होतो तेव्हा असाच एक साहेब आला. दोन्ही बाजूंना वेगवेगळे आटे पाडून हवे होते. भोक एवढंसं की करंगळी जाईना, त्यातून बागेला पाणी कसलं जाणार? मला तिथेच संशय आला. पण आमचे फोरमन कदम नियमाला पक्के.

"ज्याला जोडायचं ते घेऊन या. बसवून बघितल्याशिवाय आम्ही माल देत नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब लांबडी बॅग घेऊन हजर. टेबलावर एक छोटी रायफल ठेवली, शेजारी एक काळी नळी.

"ये पिस्तौल का साइलेंसर है, इसपे बैठता नहीं. आपनेही बोला था, लेके आओ."

कदम माझ्याकडे बघतायत, मी दाराकडे. कुणी पाहिलं तर दोघांचाही व्हिसा खलास.

"साब, मशीन खराब है," कदम म्हणाले.

साहेबाने माझ्या लेथकडे बोट दाखवलं. "चल तो रही है."

कदमांनी हात लांब करून लाल बटण दाबलं. "अब नहीं."