स्वयंपाकघरातलं वाय-फाय

आंधळगावच्या घरात मी खोलीखोलीत नेटची वायर टाकली, छताला वाय-फायचे पांढरे डबे लावले, तेव्हाची गंमत सांगतो. आई स्वयंपाकघरात काही भोक पाडू देईना. "नव्या स्लॅबले हात लावू नको!" आणि नेमका तिथंच पुण्याच्या ताईचा व्हिडिओ कॉल अडकायचा. आठवडाभरात आईच वैतागली. "पाड बाप्पा भोक!"

डबा लागला. फोन ओट्यावर उभा केला, ताई लख्ख दिसली. आई एकदम खूश. दोन मिनिटांत ताई ओरडली, "आई, मांगं पाह, वांगे करपून राहिले!"

आईनं गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळली. "काढ ते डबडं! चांगली लेक होती माही, तुनं तिची सासू करून ठेवली!"