उत्पन्नाचा रकाना आणि प्रमिलाताई

नमस्कार मंडळी.

उशिरा बोलायला उभा राहतोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. प्राचार्यांनी मघाशी दोनदा माझं नाव पुकारलं. दोन्ही वेळा मी मान हलवून नाही म्हटलं. आता सगळ्यांचं बोलून झालं, लोक चपला शोधायला लागले, तेव्हा उठलोय. माझं शिक्षण सातवीपर्यंत. माइकसमोर कधी उभा राहिलेलो नाही. घरून चार ओळी लिहून आणल्यात, पण माझंच अक्षर मला लागत नाही. तेव्हा जसं येईल तसं बोलतो.

प्रमिलाताई गेल्या. रविवारी दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. आज गुरुवार. त्यांचे यजमान इथं पुढं बसलेत, मुलं बसलीत. त्यांचं सांत्वन मी काय करणार? मला ते येत नाही. पण एक काम ताईंच्या हातून अर्धं राहिलंय. एका मुलीच्या प्रवेशाचं काम आहे. मुदत परवापर्यंत, म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत आहे. ते अर्धं राहिलं त्याला कारण मी आहे. म्हणून उठलो.

ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो. मी सातपूरला कारखान्यात फिटर होतो, आता रिटायर आहे. या कॉलेजशी माझं नातं फीच्या खिडकीपुरतं. ताई त्या खिडकीत बसायच्या. कॉलेज खासगी, इंजिनिअरिंगचं. फीचा आकडा बाहेर बोर्डावर लावलेला असतो. आमच्यासारखी माणसं तो आकडा वाचतात आणि तिथूनच मागं फिरतात. ताई खिडकीतून हाक मारायच्या. "अहो भाऊ, नुसतं वाचून चाललात का? आत या, मी समजावते."

आणि समजावायच्या. हातात लाल-निळी पेन्सिल. फीचा कागद पुढं ठेवायचा आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायची. हे एकदाच भरायचं. हे दरवर्षी भरायचं. हे अनामत, म्हणजे शेवटी परत मिळणार, पावती हरवू नका. मग विचारायच्या, "राहणार कुठं? येणार कशानं? जेवणार कुठं?" ते कागदावर नसायचंच. ते त्या मागच्या बाजूला स्वतः लिहून द्यायच्या. म्हणायच्या, "एका वर्षाचं बघून घरी जाऊ नका. चार वर्षांचं बघा, मग वहिनींशी बोला."

मग सवलतीचं. संस्थेची फी-सवलत कुणाला, सरकारी शिष्यवृत्ती कुणाला, हप्ते कुणाला मिळतात, बँकेचं कर्ज घ्यायचं तर जामीन कोण लागतो. एक गोष्ट तर त्या प्रत्येकाला दोनदा सांगायच्या. सवलत आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. आणि अर्ज दरवर्षी करावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी घरी बसलेले किती बाप मी बघितलेत!

मी घाबरट माणूस आहे. एक प्रश्न पाच वेळा विचारतो. एकदा मीच म्हटलं, "ताई, तुम्हाला कंटाळा येत नाही का?" त्या म्हणाल्या, "येतो ना. पण तुम्ही न विचारता गेलात तर मला घरी जाऊन कंटाळा येईल."

माझ्या मुलीची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्याच तोंडून ऐकलीय. पण माझी म्हणून ऐकलेली नाही. रिटायर झाल्यापासून दर प्रवेशाच्या दिवसांत मी खिडकीसमोरच्या बाकावर येऊन बसतो. ताईंनीच बसवलं. गर्दी झाली की म्हणायच्या, "त्या बाकावरच्या भाऊंना विचारा, ते अर्ज बघून देतील." मी अर्ज बघतो. उत्पन्नाच्या रकान्यात कुणी फुगवून लिहिलेलं दिसलं की मी एक गोष्ट सांगतो. सातपूरला एक गृहस्थ होते, त्यांनी असंच केलं होतं, आणि मग काय झालं बघा. लोक हसतात, रकाना दुरुस्त करतात. ताई आतून ऐकायच्या. मान खाली घालून पावती फाडत राहायच्या. एकदाही त्या म्हणाल्या नाहीत की ते गृहस्थ कोण.

ते गृहस्थ म्हणजे मी.

आज सगळ्यांसमोर सांगतो, नीट सांगतो. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, इथं नंबर लागला. अर्ज द्यायला मी लग्नातला सफारी घालून आलो. आमच्या फोरमनचं घड्याळ मागून घेतलं होतं. उत्पन्नाच्या रकान्यात मी माझा पगार लिहिला. ओव्हरटाइम लिहिला, जो तेव्हा बंद झाला होता. कळवणला थोरल्या भावाची शेती आहे, तिचं उत्पन्न लिहिलं. आणि घराच्या मागं एक खोली काढायचा विचार होता, तिचं भाडंही लिहिलं.

अर्जावर आवकचा शिक्का बसला. मग तो ताईंच्या टेबलावर गेला आणि त्यांनी मला बोलावलं.

"भाऊ, कळवणची शेती तुमच्या नावावर आहे?"

"नाही, थोरल्याच्या."

"तुम्हाला त्यातून काही येतं?"

"दिवाळीला बाजरी येते."

"आणि हे खोलीचं भाडं? भाडेकरू कोण?"

मी म्हटलं, "खोली अजून बांधायचीय."

ताईंनी चष्मा काढला. "न बांधलेल्या खोलीचं भाडं येतं तुम्हाला? मग मलाही सांगा कुठं येतं ते."

रांगेतले दोघं हसले. मी म्हटलं, "ताई, मला वाटलं, घर भक्कम दिसलं तर मुलीला घेतील."

त्या म्हणाल्या, "भाऊ, ही सोयरीक नाही. मुलीला तिच्या गुणांवर घेतलंय. तुम्हाला बघायला कोणी आलेलं नाही. या आकड्यावर तुम्हाला एक रुपयाची सवलत मिळणार नाही, आणि एवढी फी तुम्हाला झेपणार नाही. झेपेल का?"

झेपणार नव्हती. मग त्यांनी मार्ग सांगितला. चूक झाली असा लेखी अर्ज, सोबत तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि कारखान्याचं पगारपत्रक. आठ दिवसांत. मी विचारलं, "खोटं लिहिलं म्हणून पोलिसात देतील का?" म्हणाल्या, "आज सुधारलंत तर कोणी देणार नाही. पण सवलतीसाठी उद्या उलटं खोटं लिहिलंत, तर मी स्वतः देईन."

पगारपत्रक मागायला गेलो तर टाइमकीपरनं विचारलं, कशाला हवंय? मी म्हटलं, रेशनकार्डाला. तो म्हणाला, "पोरीच्या कॉलेजला पाहिजे ना? मग नवरीसारखा लाजतो काय!" तहसीलला तीन चकरा झाल्या. साहेब नाहीत, शिक्का नाही, उद्या या. आठव्या दिवशी दाखला आणून दिला. ताईंनी तो तीनदा वाचला, अर्जाला लावला. संस्थेनं निम्मी फी माफ केली. उरलेल्या निम्म्याचे हप्ते करून दिले. चारही वर्षं. दर वर्षी नवा दाखला, नवा अर्ज. मुलगी इंजिनिअर झाली. अंबडला कंपनीत मशीनची चित्रं काढते.

आता व्याहीबुवा, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसलात, मला दिसताय. मुलीच्या लग्नात मांडवामध्ये तुमच्या सगळ्या नातेवाइकांसमोर मी छाती काढून म्हणालो होतो, "मुलीला माझ्या घामावर शिकवली, कुणाची मदत घेतली नाही." तुम्ही माझा हात हातात घेतलात. ते खरं नव्हतं. आणि मी ते म्हणालो तेव्हा प्रमिलाताई तिथंच उभ्या होत्या, हातात ताट घेऊन. त्यांनी ऐकलं. त्या जवळ आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मठ्ठा छान झालाय."

पुढं एवढी वर्षं आम्ही रोजच्यासारखे बोलत राहिलो. मांडवातलं बोलणं त्यांनी कधी काढलं नाही. मीही नाही.

आता गेल्या आठवड्याचं सांगतो.

एक बाप आला होता. त्या दिवशी मी बाकावर नव्हतो, ताईंनी नंतर सांगितलं. मी त्याचं नाव सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. ताई कुणाचं नाव बाहेर सांगत नसत. मुलीचा नंबर लागलाय, तो तिच्या गुणांवर. बापानं रकान्यात फुगवून लिहिलं. का लिहिलं ते मला विचारू नका, मला चांगलं माहीत आहे. ताईंनी त्याला समजावलं. त्यानं अर्ज परत मागून घेतला. म्हणाला, आमच्यात असले दाखले काढत नाहीत, लोक काय म्हणतील. आणि मुलीला म्हणाला, तू बी.एस्सी. कर. मुलगी म्हणे खिडकीच्या कडेला उभी राहिली, आणि जाताना ताईंना "येते" म्हणाली.

गेल्या शनिवारी खिडकी बंद करताना ताईंनी मला हाक मारली. म्हणाल्या, "भाऊ, त्या माणसाला मी तुमच्या सातपूरच्या गृहस्थांची गोष्ट सांगितली."

"मग?"

"तो म्हणाला, असा कोणी गृहस्थ नसतो, या तुमच्या सांगायच्या गोष्टी."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याला मी सोमवारी बोलावलंय. त्याला आता त्या गृहस्थाचं नाव लागेल, भाऊ. समोर बसून सांगाल का?"

मी म्हटलं, "बघू."

"बघू नका. सांगा."

मी म्हटलं, "ताई, व्याह्यांच्या कानावर गेलं तर? माझी इतक्या वर्षांची अब्रू आहे." त्या म्हणाल्या, "आणि त्या मुलीची चार वर्षं?" मी म्हटलं, सोमवारी बघतो, सोमवारी बोलू.

त्या "बरं" म्हणाल्या. कुलूप लावलं आणि रिक्षात बसल्या. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

सोमवारी खिडकी बंद होती. आम्ही सगळे पंचवटीत अमरधामला होतो. तो बाप आला असेल का? आला असेल तर बंद खिडकी बघून परत गेला असेल. त्याला वाटलं असेल, सुटलो. मलाही, खरं सांगतो मंडळी, क्षणभर तसंच वाटलं. आता कुणाला काही सांगायला नको. ताईंची चिता पेटलेली आणि माझ्या मनात हे! मी या सभेला येऊन गप्प बसणार होतो. सकाळी मुलीला विचारलं, सांगू का गं सगळ्यांसमोर? तुझ्या सासरची माणसं असतील. ती म्हणाली, "सांगा बाबा. लाज मला कधीच नव्हती, तुम्हालाच होती."

म्हणून सांगितलं. नाव हवं होतं, ते दिलं. तो माणूस इथं आहे की नाही, मला ठाऊक नाही. ताईंना मानत असेल तर आला असेल. नसेल तर तुमच्यातल्या कुणाच्या तरी ओळखीचा असेल. शेजारी असेल, मेहुणा असेल. त्याला शोधा, पण चारचौघांत विचारू नका. आणि माझं नाव घेऊन सांगा, की तो गृहस्थ खरा आहे, जिवंत आहे, आणि त्याच्या मुलीचं कुठंही अडलं नाही.

त्याला सांगा, अर्ज अजून चालतो. प्राचार्यांना मी मघाशी विचारलं, तीन वेळा विचारलं. शनिवारी दुपारी एकपर्यंत घेणार. दाखला नसेल तर तहसीलला अर्ज केल्याची पोच चालेल, दाखला नंतर द्या. उद्या शुक्रवार आहे, तहसील उघडी आहे. मी बरोबर येईन. तिथं कुठल्या टेबलावर कोण बसतो, मला पाठ आहे. खिडकीत आता नवे साहेब आहेत. ते लाल-निळी पेन्सिल वापरत नाहीत, पण कागद घेतात. बापाला यायचं नसेल तर मुलीनं एकटीनं यावं. मी दहापासून बाकावर आहे.

प्रमिलाताई, तुम्ही शनिवारी सांगितलंत ते मी पाच दिवसांनी केलं. तुमच्या समोर करायला हवं होतं. माझा नमस्कार घ्या.

मंडळी, आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. माझी एवढीच विनंती आहे की ज्याला ठरवायचं आहे त्यानं या दोन मिनिटांत ठरवावं. आणि मग कुणाच्याही हाती मला निरोप पाठवावा. येतो म्हणून पाठवा, येत नाही म्हणून पाठवा, पण पाठवा. मी सोमवारी बघतो म्हणालो होतो. तुम्ही तसं म्हणू नका. आजच पाठवा.