कवठी चाफ्याचं पहिलं फूल

चहा घे आधी, मग सांगते. गोडदेवला आमच्या बिल्डिंगखाली मी कवठी चाफा लावलाय ना, कमरेएवढाच आहे. रत्नागिरीहून रोप आणलं, त्याला चार वर्षं झाली. तांदळाचं धुवण बादलीत साठवायचं आणि रोज तीन जिने उतरून घालायचं. माझे गुडघे गेले, पण फूल येईना. आमचे हे अंथरुणाला खिळलेले. रोज विचारायचे, "धरली का गं कळी?"

गेल्या आठवड्यात एक कळी धरली. संध्याकाळी टपोरी झाली. ह्यांना म्हटलं, "सकाळी उशाशी आणून ठेवते."

सकाळी भिंत धरत धरत खाली गेले, तर नुसता देठ! तशीच वर आले आणि बसून राहिले.

थोड्या वेळानं पहिल्या मजल्यावरची हंसाबेन दारात. हातात प्रसादाची वाटी, त्यात माझंच फूल.

"आजी, नीचे इतना अच्छा फूल मिला! ठाकोरजी को चढाया, और प्रसाद पहले आपके लिए लाई."

भांडायला त्राण कुठे होतं? म्हटलं, "बेन, वो मेरे झाड का है."

तिनं जीभ चावली. "अरे! पर पुण्य तो आपको ही मिलेगा."

"पुण्य तुम रखो. कल से पानी की बादली भी तुमच उठाव."

तेवढ्यात आतून हे ओरडले, "अगं, वास आला! उमललं का?"

म्हटलं, "उमललं हो. देवाकडे जाऊन आलं, म्हणून उशीर झाला."