पाचवं माणूस कोण?

तराजू घेऊन लोकांचं जेवण मोजायची नोकरी कुणी केलीय का? मी केलीय, ऐंशीच्या दशकात. पाचोऱ्याकडच्या एका खेड्यात एकाच घरी तीन दिवस बसायचं, चुलीकडे जाणारं पीठ, डाळ, तेल आधी तोलायचं आणि घरातल्या माणसांच्या आकड्याने भागायचं. म्हणजे माणशी खाणं किती ते कळतं.

पहिल्या दिवशी दारातच घरच्या अक्कांना विचारलं, "घरात माणसं किती?"

"पाच शेतस."

म्हणजे पाच आहेत; मी पाच लिहिले. पण जेवायला रोज चारच: अक्का, त्यांचे यजमान नाना, मुलगा आणि सून. मला वाटलं, पाचवा शेतात असेल. तिसऱ्या दिवशीही तो आला नाही, तेव्हा माझं डोकं फिरलं. सगळा भागाकार चुकणार!

"अक्का, खोटं का सांगितलं? साहेब मला घरी बसवतील. पाचवं माणूस कोण?"

माझ्या ताटात भाकरी टाकत अक्का म्हणाल्या, "तीन दिनफाईन मना हातनी भाकर कोण खाई राहिना रे भाऊ?"

तीन दिवस त्यांच्या हातची भाकरी खात होतो मीच. अहो, पहिल्या दिवशी मी चप्पलसुद्धा काढली नव्हती, तेव्हाच त्यांनी मला मोजलं होतं.