हँडलवरचा नारळ

चहा जरा निवू द्या, तोवर हे ऐका. ताम्हिणीजवळच्या सायकल-शर्यतीत, वयाच्या पन्नाशीत, मी प्रथमच तिसरा होतो. बक्षीस आणि मी यांच्यात एकच उडी उरली होती. उंचवट्यावरून सायकल हवेत गेली, खाली टेकली आणि हँडल मोडून अर्धा तुकडा माझ्या हाती राहिला. मी गवतात पडलो. मागचे दोघे माझ्या पुढून निघून गेले.

ज्यांच्या शेतातून ती वाट होती ते ज्ञानूमामा मला उठवायला आले. “लागलं न्हाई ना, मास्तर? हँडल कसं काय मोडलं?”

“नवेच होते, मामा. सकाळी त्यावर विधिपूर्वक नारळही फोडला होता.”

मामांनी भोवतालच्या डोंगरांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“मास्तर, नारळ फोडाया मुळशीत दगुड कमी पडले व्हय?”